काडीमोडीचे जेवण

सन २०२२ च्या सप्टेंबर महिन्यात भोपाळहून निघालेली एक निमंत्रणपत्रिका देशभर फिरली. तिची सजावट लग्नपत्रिकेसारखी होती. निमंत्रण मात्र विवाहाचे नसून विवाहविच्छेदाच्या समारंभाचे होते. वर्षानुवर्षांच्या कोर्टकज्ज्यांतून मोकळ्या झालेल्या अठरा पुरुषांसाठी तेथील एका संस्थेने तो योजिला होता, आणि वरमाळांचे विसर्जन हा त्यातील एक विधी होता. पत्रिकेचा बोभाटा झाला, आक्षेप निघाले आणि समारंभ रद्द करावा लागला. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, रांची येथील एका पित्याने सासरी गांजलेल्या आपल्या मुलीस वाजंत्री लावून, फटाके उडवीत माहेरी परत आणले. वरातीची ती उलटी वाट पुष्कळांनी कौतुकाने पाहिली. घटस्फोटाचा निकाल लागल्यावर इष्टमित्रांस जेवावयास बोलावण्याची चालही आता शहरांतून पडू लागली आहे.

असल्या वार्ता वाचून आपल्या मंडळींत दोन प्रकारचे उद्गार निघतात. कोणी म्हणतात, हे पाश्चात्त्यांचे अनुकरण. मोडलेल्या लग्नाचे जेवण आपल्या पूर्वजांच्या स्वप्नातही नव्हते. दुसरे म्हणतात, आता काळ बदलला, जुन्या रूढींशी आपला संबंध उरला नाही, तेव्हा हा आनंद नव्या रीतीने साजरा झाला तर बिघडले कोठे? माझ्या मते ह्या दोन्ही समजुतींस इतिहासाचा आधार नाही. मोडलेल्या लग्नाभोवती अन्नाचा व्यवहार आपल्याकडे फार जुना आहे. फरक एवढाच की, पूर्वी ते जेवण आनंदाचे नव्हते व दुःखाचेही नव्हते; ते साक्षीचे होते. कोण कोणाच्या पंक्तीस बसला, यावरून कोणाचे नाते तुटले आणि कोणाचे राहिले हे समाजास कळत असे. त्या जेवणाचा इतिहास नीट पाहिला तर आज पानात काय वाढावे, हा वरवर क्षुल्लक वाटणारा प्रश्नही सुटण्यास मदत होईल.

घट फुटतो कशासाठी?

प्रथम शब्दापासून आरंभ करू. ‘घटस्फोट’ हा शब्द आज आपण विवाहविच्छेदाच्या अर्थाने वापरतो. परंतु धर्मशास्त्रात त्याचा पतिपत्नींशी असा खास संबंध नाही. तेथे तो बहिष्काराचा विधी आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात तो सांगितला आहे. महापातकाने पतित झालेल्या मनुष्याचे सपिंड व बांधव गावाबाहेर, निंद्य दिवशी, सायंकाळी, ज्ञाती, ऋत्विज व गुरू यांच्या समक्ष जमतात. दासी पाण्याने भरलेला घट पायाने लवंडते. मृतास जसे उदक द्यावे तसे जिवंत माणसास ते उदक दिले जाते आणि बांधव एक अहोरात्र अशौच पाळतात. त्यापुढे त्याच्याशी बोलणे, एकत्र बसणे, वारसा देणे, लौकिक व्यवहार करणे हे सारे बंद. भारतरत्न महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे हे स्वतः मुंबईच्या उच्च न्यायालयातील वकील. त्यांच्या ‘धर्मशास्त्राच्या इतिहासा’त ह्या विधीची चर्चा आहे, जिज्ञासूंनी ती अवश्य पाहावी.

परंतु त्याच प्रकरणात पुढे दोन गोष्टी सांगितल्या आहेत, त्यांकडे आपले लक्ष सहसा जात नाही. पहिली अशी की, पतिताने प्रायश्चित्त केले म्हणजे बांधवांनी त्याच्यासह पवित्र जलाशयात स्नान करावे, पाण्याने भरलेला नवा घट त्यात सोडावा, आणि त्याने घरी येऊन पूर्वीप्रमाणे ज्ञातिकार्ये करावी. म्हणजे घट फोडण्याचा जसा विधी आहे, तसा नवा घट आणून माणसास परत घेण्याचाही आहे. दुसरी गोष्ट स्त्रियांविषयीची आहे. पतित झालेल्या स्त्रीसंबंधीही हाच विधी करावा, पण तिला वस्त्र, अन्न व पान द्यावे आणि तिने घराजवळच राहावे, अशी तेथे स्पष्ट आज्ञा आहे. मनूच्या स्त्रीविषयक मतांचे मंडन करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. आजच्या न्यायबुद्धीस त्यातील पुष्कळ भाग पटणारा नाही. पण इतका कठोर स्मृतिकारही बहिष्कृत स्त्रीचे अन्न तोडीत नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

विवाह मोडण्याची कल्पना मात्र शास्त्रास अपरिचित होती असे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात परस्परांचा द्वेष हे मोकळीक मिळण्याचे कारण मानले आहे. धर्म्य म्हणून गणलेल्या पहिल्या चार विवाहांस मात्र त्याने ती सवलत नाकारली. पाराशर व नारद यांच्या स्मृतींत पती नाहीसा झाला, मृत झाला, संन्यासी झाला, क्लीब निघाला वा पतित झाला, तर स्त्रीस दुसरा पती सांगितला आहे. एकोणिसाव्या शतकात ईश्वरचंद्र विद्यासागरांनी विधवाविवाहासाठी जो शास्त्रार्थ मांडला तो पाराशराच्याच आधारे, आणि १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा त्यांच्या त्याच चळवळीचे फळ होय. हे वचन विधवेच्या बाजूने पुष्कळ वापरले गेले. पण त्याने उल्लेखिलेल्या पाच आपत्तींपैकी चारांत पती जिवंत असतो, ह्याची चर्चा त्यामानाने थोडी झाली.

काडी, पदर आणि जातीचे पान

हा झाला ग्रंथांतील धर्म. गावोगावचा लोकाचार ह्याहून निराळा आणि, सांगावयास हरकत नाही, पुष्कळ मोकळा होता. ब्राह्मणादी काही जाती सोडल्यास महाराष्ट्रातील बहुसंख्य जातींत लग्न मोडता येत असे आणि स्त्रीस दुसरा घरोबा करता येत असे. पहिले ते ‘लग्न’ आणि दुसरा तो ‘पाट’ किंवा ‘मोहतूर’. एलफिन्स्टन साहेबाच्या प्रेरणेने आर्थर स्टील याने दख्खनच्या जातींच्या चालीरीतींचा जो संग्रह केला, तो १८२७ मध्ये छापला गेला. त्यात सोडचिठ्ठी आणि पाट यांची नोंद आहे. पुढे १९१६ मध्ये रसेल व हिरालाल यांनी मध्यप्रांताच्या, आणि १९२० ते १९२२ या काळात एन्थोवेन याने मुंबई इलाख्याच्या जातिजमातींवर ग्रंथ सिद्ध केले. त्यांत जातीगणिक विवाह, पुनर्विवाह, काडीमोड आणि जातीचा दंड यांचे उल्लेख येत राहतात.

शब्दच ह्या व्यवहाराची साक्ष देतात. चारचौघांदेखत काडी मोडून दोन तुकडे करावयाचे, ती काडीमोड. हिशेब फिटल्याचा कागद ती फारकत. सोडल्याची चिठ्ठी ती सोडचिठ्ठी. बडोद्याच्या आपल्या वाचकांस गुजराती ‘छूटाछेडा’ हा शब्द रोजच्या परिचयाचा असेल. लग्नात वधूवरांच्या वस्त्रांचे जे छेडे, म्हणजे पदर, एकत्र बांधले जातात, ते सुटे झाले असा त्याचा अर्थ. ह्या सर्व शब्दांत पाप, पतन किंवा कलंक यांची छाया नाही. मोडली ती काडी, सुटला तो पदर. बहिष्काराचा घट लवंडण्याचा शब्द मात्र आपण सुशिक्षितांनी शोधून काढला, आणि लग्न मोडलेल्या निरपराध माणसांच्या माथी मारला!

आता जेवणाकडे वळू. निवाडा आणि गोड पदार्थ यांचे साहचर्य मराठी राज्याच्या न्यायपद्धतीतही दिसते. वादात जिंकणाऱ्याने सरकारात ‘हरकी’ भरावयाची, हरणाऱ्याने ‘गुन्हेगारी’. आणि हरकीबरोबर ज्या ‘शेरणी’चा उल्लेख येतो, तो शब्द मुळात फारसी शीरीनी, म्हणजे मिठाई होय. निवाडा झाला हे तोंड गोड करून सर्वांस कळवावयाचे, ही त्यातील मूळ कल्पना. जातीच्या पंचायतीत हेच काम पंक्ती करीत असे. पंचांनी निर्णय दिला, दंड ठरला, पूर्वीच्या नवऱ्याचा लग्नखर्च नव्या नवऱ्याने भरून दिला, आणि शेवटी जातीस जेवण झाले, म्हणजे तो विषय मिटला. ज्या काळी नोंदणीचे दप्तर नव्हते, पक्षकारांस लिहिता येत नव्हते, त्या काळी पन्नास माणसांनी एका पंक्तीस बसून भात खाल्ला ह्याहून भक्कम दस्तऐवज कोणता असणार? पुढे वाद उत्पन्न झाला तर साक्षीदारास विचारावयाचा स्वाभाविक प्रश्न हाच: ‘त्या जेवणास तू होतास काय?’

मध्यप्रांताच्या ग्रंथात ह्या जेवणाचे एक मार्मिक अंग नोंदलेले आहे. बहिष्कृतास परत घेताना जातीतील एखाद्या मुख्याने त्याच्या अन्नाचा पहिला घास घ्यावयाचा. त्याने खाल्ले की मग सर्वांनी खावयाचे. घास घेणारा त्या माणसाचा दोष आपल्यावर घेतो, अशी समजूत. अंधश्रद्धा म्हणून ती सोडून देऊ. पण व्यवहार असा की, पंक्तीतील सर्वांचे डोळे त्या एका माणसाच्या हाताकडे लागलेले असत, आणि त्याचा हात पानाकडे गेला की बाकीच्यांची जीभ आपोआप बंद होई.

ह्या पद्धतीचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. जेवणाचा खर्च बहुधा दुबळ्याच्याच माथी बसे. पंचांनी जेवण मागावे, ते देण्यास कर्ज काढावे, आणि जेवण घातले नाही म्हणून कुटुंब वाळीत पडावे, हा प्रकार आपल्या देशात अगदी अलीकडेपर्यंत चालत आला. म्हणूनच महाराष्ट्र शासनास सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा करावा लागला. तो जुलै २०१७ पासून अमलात आला आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पंक्तीस बसविण्याचा अधिकार ज्याच्या हाती, पंक्तीतून उठविण्याचाही त्याच्याच हाती. हा त्या जुन्या साक्षीच्या जेवणाचा मोठा दोष होय.

कोर्टाने मागितलेला कागद

इंग्रजी न्यायासने आली आणि पंक्तीची साक्ष अपुरी ठरू लागली. १८६४ साली करसन गोजा व बाई रूपा यांचा खटला मुंबईच्या उच्च न्यायालयापुढे आला. पतीच्या संमतीवाचून त्याला सोडून दुसरा घरोबा करण्याची जी रूढी त्यांच्या जातीत सांगितली गेली, ती न्यायालयाने अनीतिमूलक म्हणून अमान्य केली. ज्या संबंधास रूढीचा आधार सांगितला, तोच फौजदारी गुन्हा ठरला. १८७६ च्या शंभू रघूच्या खटल्यात तेच तत्त्व अधिक स्पष्ट झाले: विवाह रद्द ठरविण्याचा किंवा पती हयात असता स्त्रीस दुसऱ्या विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार कोर्ट मानणार नाही. १९१५ साली केशव हरगोवन विरुद्ध बाई गंडी ह्या प्रकरणात, जातीने ठरविलेली रक्कम भरून दुसऱ्या पक्षाच्या इच्छेविरुद्ध लग्न मोडण्याची रूढीही लोकनीतीच्या विरुद्ध म्हणून फेटाळली गेली.

ह्या निकालांचा परिणाम दुहेरी झाला. जातीच्या पंचांचा मनमानी अधिकार कमी झाला, ही इष्ट गोष्ट. पण त्याऐवजी सरकारने दुसरे कोणतेही दार उघडले नाही. मुंबई इलाख्यात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला तो थेट १९४७ साली. तोवर ज्यांना रूढी होती त्यांची रूढी संशयास्पद ठरली होती, आणि ज्यांना रूढीच नव्हती अशा पांढरपेशा जातींतील स्त्रियांस काहीच उपाय नव्हता. तिने माहेरी यावे, चुलीपाशी राबावे आणि सवाष्णींच्या पंक्तीस पान मांडताना आपण होऊन आत जावे. ती विधवा नव्हे, कुमारिका नव्हे, आणि नावापुरती सवाष्ण असूनही सवाष्ण म्हणून तिला कोणी बोलवीत नसे. तिला ‘टाकलेली’ असा एक भयंकर शब्द मात्र आपल्या भाषेने दिला.

महाराष्ट्राबाहेरील आपल्या मराठी व कोकणी समाजाचा अनुभव काही बाबतीत निराळा होता, आणि तो सांगावयास अभिमान वाटतो. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या राज्यात हिंदू घटस्फोटाचा कायदा १९३१ सालीच झाला. म्हणजे मुंबईच्या सोळा वर्षे आधी. गोव्यात तर ३ नोव्हेंबर १९१० च्या पोर्तुगीज हुकूमाने घटस्फोटाची तरतूद झाली, आणि तीत ठराविक अटींवर परस्परसंमतीने वेगळे होण्याची मुभाही होती. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीचे कलम नव्हते. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात ते होते, पण हिंदू विवाह कायद्यात ते १९७६ च्या दुरुस्तीने आले. जी गोष्ट मुंबई-पुण्याच्या हिंदूंस १९७६ मध्ये मिळाली, ती मडगाव-म्हापशाच्या कायद्यात ६६ वर्षे आधी लिहिलेली होती. बेळगावकर मंडळी १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असल्यामुळे त्यांना १९४७ चा मुंबईचा कायदा लागू होता. अर्थात कायदा असणे निराळे आणि त्याचा लाभ घेणाऱ्या स्त्रीस समाजात मान असणे निराळे. गोव्यातील देवळांत दिवजांच्या रात्री पेटत्या दिव्यांची आरास घेऊन सुवासिनींची जी रांग निघते, तिच्यात उभे राहण्याचा हक्क कोणत्याही हुकूमनाम्यात लिहून मिळत नाही.

१९५५ च्या कायद्याने रूढीचा पुरता उच्छेदही केला नाही. त्याच्या २९ व्या कलमात रूढीने मिळणारा घटस्फोटाचा हक्क राखून ठेवला आहे. मात्र तो सिद्ध करण्याचा भार मोठा. कर्नाटकातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या यमनाजी जाधव विरुद्ध निर्मला ह्या दाव्यात २००२ साली असे ठरले की, अशी रूढी स्पष्ट शब्दांत मांडली पाहिजे आणि पुराव्याने शाबीत केली पाहिजे. केवळ कागद करून दिला एवढ्याने लग्न सुटत नाही. सीमाभागातील खेड्यांतून शंभर रुपयांच्या मुद्रांकावर ‘काडीमोड’ लिहून घेऊन निर्धास्त झालेल्यांनी हे वाक्य मनावर घ्यावे. पुढे दुसरा विवाह करताना किंवा वारसाहक्काच्या वेळी तो कागद दगा देतो.

ह्याप्रमाणे साक्षीचे काम पंक्तीकडून कोर्टाकडे गेले. ते योग्यच झाले. पण पंक्ती आणखी एक काम करीत होती, ते कोर्टाने घेतले नाही. घेणे त्यास शक्यही नाही. लग्न सुटलेल्या माणसाचे पान ह्यापुढे कोठे मांडावयाचे, हे पंक्ती सांगत असे. हुकूमनामा फक्त ते कोठे मांडावयाचे नाही एवढेच सांगतो.

पानात काय वाढावे?

मागे माझ्या एका वृद्ध पक्षकारांनी, कन्येच्या घटस्फोटाचा हुकूमनामा हाती पडल्यावर, मला विचारले, “वकीलसाहेब, चार माणसे जेवावयास बोलवावी असे मुलीच्या मनात आहे. बोलवावे की नाही हे मी तुम्हांस विचारीत नाही, बोलावणार आहे. पण पानात काय वाढावे? पुरण घातले तर लोक म्हणतील, लग्न मोडल्याचा आनंद झाला. गोडाचे काहीच केले नाही तर सुतक फिटल्याचे जेवण दिसेल.”

कायद्याच्या पुस्तकात ह्या प्रश्नाचे उत्तर नव्हते, पण प्रश्न अचूक होता. आपल्या पानाची एक भाषा आहे. मंगलकार्याचे पान म्हणजे भोवती रांगोळी, डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, मध्ये वरणभाताची मूद, वर तूप, आणि पुरणपोळी, श्रीखंड किंवा जिलबी. श्राद्धाचे पान म्हणजे रांगोळी नाही. खीर, उडदाचे वडे, आमसुलाची चटणी. पान पाहिल्याबरोबर जेवणारास कळते की, आपण कशासाठी बसलो आहो. लग्न सुटले ह्यासाठी यांपैकी कोणतेच पान लागू पडत नाही. मंगलाचे पान मांडले तर कोणाच्या तरी पराभवावर जेवल्यासारखे होते. श्राद्धाचे मांडले तर जिवंत माणसास उदक दिल्यासारखे होते; म्हणजे पुन्हा तो मनूचा लवंडलेला घट!

परंतु आपल्या परंपरेत तिसरेही एक पान आहे, ते मावंद्याचे. काशीयात्रेहून माणूस सुखरूप परतला म्हणजे गंगापूजन करून इष्टमित्रांस जेवू घालावयाचे, ते मावंदे. पूर्वी काशीस जाणारा परत येईल असा भरवसा नसे. म्हणून त्या जेवणात उत्सवापेक्षा निःश्वास अधिक असे. वाटेत काय भोगले ह्याचा पाढा वाचावयाचा नसतो, वाटेला शिव्याही द्यावयाच्या नसतात. माणूस घरी आला, एवढेच त्या जेवणाचे निमित्त. कोणी म्हणेल, काशीयात्रा कोठे आणि मोडलेला संसार कोठे? तुलना पुण्याची नाही, परतण्याची आहे. त्या गृहस्थांस मी हेच सुचविले: मावंद्याचे पान मांडा.

परतलेल्या स्त्रीचे असे स्वागत जगात इतरत्रही होते. पश्चिम आफ्रिकेतील मॉरिटानिया ह्या वाळवंटी देशात लग्न सुटलेली स्त्री माहेरी आली म्हणजे तिची आई व मैत्रिणी गाणी म्हणतात, तिच्या हातांवर मेंदी काढतात, खजूर आणि उंटाचे मांस यांचे जेवण होते. तो देश इस्लामधर्मी आहे आणि ही चाल तेथे जुनी आहे. पाश्चात्त्य अनुकरणाचा तेथे प्रश्नच नाही. तेथेही त्या जेवणाचा अर्थ, ही आमची आहे व आमच्यात परत आली आहे, एवढाच असतो.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. वकिलाच्या लेखात त्या अस्थानी वाटू नयेत. निकाल लागताच पाने मांडू नयेत. हिंदू विवाह कायद्याखाली अपिलाची मुदत नव्वद दिवसांची आहे. वाद लढून मिळालेला हुकूमनामा असेल तर ती जाऊ द्यावी. दुसरे, जेवणाआधी स्त्रीधनाचा हिशेब पुरा करावा. स्त्रीधन हे पत्नीचे स्वतःचे, पती व सासर हे त्याचे केवळ सांभाळणारे, असे सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी यांच्या खटल्यात १९८५ सालीच सांगितले आहे. दागिन्यांची यादी सर्वांस आठवते, भांड्यांची आठवत नाही. आहेरात आलेली पातेली, परात, तांब्याचा बंब ही सगळी तिचीच. शक्य असेल तर त्या दिवशीचा भात तिच्या परत आलेल्या पातेल्यात शिजावा. तिसरे, मुले असतील तर त्यांच्यासमोर त्यांच्या दुसऱ्या पालकाचा अवमान होईल असा एकही शब्द, एकही खेळ असू नये. वरमाळांचे विसर्जन करून मोठ्यांची हौस फिटेल. पण मुलाच्या हाती आईबापांच्या लग्नाचे एकच छायाचित्र असते, तेही पाण्यात सोडले असे त्यास वाटू नये.

चौथी गोष्ट पाहुण्यांची व पदार्थांची. पन्नासांहून अधिक पाने नकोत; थोडक्यांतच माणसे एकमेकांकडे बघतात. पन्नास पानांस सुमारे पाच किलो तांदूळ आणि दोन किलो तूरडाळ पुरते. गोमंतकीय घरात खतखते, मुगागाठी, सोलकढी आणि गोडास मणगणे असावे. मणगणे देवळाच्या प्रसादातही असते आणि घरच्या सणातही. लग्नाचा शिक्का त्यावर नाही. बेळगावकडे घरचा वरणभात करून शेवटी वाटीभर कुंदा वाढावा. इंदूरकडच्या मराठी घरांनी माळव्यास शोभेल असे दाळबाफले करण्यास काही प्रत्यवाय नाही. पुरण टाळावे, खीरवडे टाळावे. रांगोळीची एक साधी रेघ मात्र अवश्य काढावी, कारण हे सुतक नव्हे. पंक्तीत तिचे पान टोकास नको, मध्ये हवे. आणि घरातील सर्वांत वडील स्त्रीने, मग ती आजी असो, काकू असो वा मावशी, तिच्या हातचे वाढून घेऊन पहिला घास घ्यावा. भाषणे नकोत. वकिलास बोलावलेच तर त्याने मुकाट्याने जेवून घरी जावे.

त्या गृहस्थांकडे जेवण झाले. मुलीने स्वतः भात वाढला. तिच्या एका वृद्ध आत्यांनी आधी तिच्या पानाकडे पाहिले, मग आपल्या. आणि तूप मागून घेऊन जेवावयास आरंभ केला. त्यानंतर बाकीची पंक्ती जेवली. ह्याहून अधिक काही घडले नाही, आणि घडावयास नकोही होते.

आपल्या देवळांच्या समाजापुढे एक प्रश्न ठेवून थांबतो. समाराधना आपल्याकडे होतात, महाप्रसादाच्या पंक्ती बसतात, चैत्रातील हळदीकुंकवे होतात, सवाष्णी जेवू घातल्या जातात. ह्या सर्वांची आमंत्रणे कोण देते, पाने कोण मांडते आणि कोणाच्या नावापुढे हात अडखळतो, हे ज्याचे त्याला ठाऊक असते. त्यात कायद्याचे काही चालत नाही, पंचांचेही आता चालत नाही. ज्या घरी एखादी मुलगी असा हुकूमनामा घेऊन परत आली असेल, त्या घरी पुढच्या हळदीकुंकवाचे बोलावणे कोणी न्यावयाचे, एवढे आपापल्या मंडळाने आताच ठरवून ठेवावे.